डोळ्यावरची वाटी

वहिनी गेल्याचा फोन जळगावला आमच्या शेजाऱ्यांकडे आला. मी धावत गेले. पलीकडून धाकटा भाऊ सुभाष एवढंच म्हणाला, "ताई, वहिनी गेली..." त्याला महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, किती सोशिक होती हो तुमची वहिनी! मला ते ऐकवत नाही. थोरल्या भावाची ही बायको सोशिक मुळीच नव्हती, आणि तसं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तिनं खपवून घेतलं नसतं.

ती दीपनगरची. वडील वीज केंद्रात कामाला. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेली माणसं त्या वसाहतीत नेहमीची, म्हणून तिथे प्रथमोपचाराचे वर्ग चालत. लग्नाआधी तिनं तो वर्ग केला होता. साक्रीजवळच्या आमच्या गावात त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. आमचे वडील, आबा, म्हणायचे, सुनेनं चूल सांभाळावी.

एका उन्हाळ्यात सुभाष कुंपणासाठी बाभूळ तोडत होता. फांदी उसळली आणि काटा उजव्या डोळ्यात रुतला. अंगणात गाव जमलं. कुणी शेळीचं दूध आणायला पळालं. आबा काटा उपटायला वाकले, तशी वहिनीनं त्यांचं मनगट धरलं. सुनेनं सासऱ्याचं मनगट... भर अंगणात!

"आबा, काटा काढायचा नाही. डोळ्यात दूधबिध काही घालायचं नाही."

"तू कोन सांगनारी? मना पोऱ्या शे! बठ्ठा गाव देखी ऱ्हायना."

"बघू द्या गावाला. उपटलात तर डोळा जाईल."

डोक्यावरचा पदर खाली आला होता. तिनं तो सावरलासुद्धा नाही. माझ्याकडून लहान वाटी आणि धुतलेलं जुनं धोतर मागवलं. कापडाची गुंडाळी डोळ्याभोवती ठेवून तिच्यावर वाटी पालथी घातली, काट्याला जराही धक्का न लावता, आणि वरून पट्टी बांधली. मग दुसऱ्या डोळ्यावरही पट्टी बांधायला घेतली, तसा सुभाष घाबरला. "वहिनी, हाऊ डोया ते चांगला शे!"

"म्हणूनच बांधते. हा फिरला की जखमेचाही फिरेल."

जीपमधून धुळ्याला पोचेपर्यंत त्याचं डोकं तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

डोळा वाचला. नजर अंधूक झाली, पण राहिली. आबा मात्र कितीतरी महिने तिच्याशी बोलले नाहीत. न राहवून मी म्हटलं, "एकदा माफी मागून टाक ना." कणीक मळता मळता ती म्हणाली, "कशाची? डोळा राहिला त्याची?" तिनं शेवटपर्यंत माफी मागितली नाही. पुढे मळणीच्या दिवसांत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की बायका ओट्यावरच्या आबांसमोरूनच तिच्याकडे येत. आबा तोंड फिरवत. वहिनीनं कधी कुणाला मागच्या दारानं बोलावलं नाही.

परवा माहेरी गेले होते. वहिनीचं निळं सुती पातळ कुणाला तरी देऊन टाका, गेलेल्या बाईचं घरात ठेवत नाहीत, असं भावकीतल्या बायका बजावत होत्या. वहिनीला अक्का म्हणणाऱ्या सुभाषच्या बायकोनं ऐकून घेतलं, आणि त्यांच्यादेखतच ते पातळ टराटरा फाडून लांब पट्ट्या केल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या. "अक्कानं पातळ शे," ती म्हणाली, "घरमाच ऱ्हाई."

मी निघाले तेव्हा पट्ट्या अंगणातल्या दोरीवर वाळत होत्या... रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशा.