ओतोहामाच्या आयोडीनबाई

ओतोहामा गावात तोमिएबाईंना उपाशीपोटी कुणी पाहिलेलं नाही. बाई नगरपालिकेच्या आरोग्यसेविका. सरकारी माणसाने कुणाकडून काही घ्यायचं नाही असा नियम, म्हणून गावातल्या बायकांनी त्यावर तोड काढलेली: हातात द्यायचंच नाही, समोर बसवून खायला घालायचं. स्कूटर लावून हेल्मेट काढेपर्यंत मुळ्याचं लोणचं आणि चहा पुढ्यात येई.

"अहो, तुमचं ब्लडप्रेशर मोजायला आलेय मी, माझं वाढवायला नाही," असं म्हणत बाई आणखी एक फोड उचलायच्या.

गावाच्या डोंगराआड अणुवीज केंद्र. म्हणून बाईंच्या पिशवीत बाळांच्या लशींच्या नोंदींबरोबर आणखी एक काम असे, आयोडीनच्या गोळ्यांचं. घरातल्या एकाने तरी डॉक्टरांच्या माहिती-सभेला बसायचं, मग घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या मिळायच्या. त्या जपून ठेवायच्या आणि भोंग्यावरून सांगितल्याशिवाय तोंडात टाकायच्या नाहीत.

बाई समजावून सांगायच्या तेही गावच्या भाषेत. "गावच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या दाराशी चपलांचे कप्पे आहेत ना? सगळे आधीच भरलेले असले तर उशिरा आलेल्याने चपला ठेवायच्या कुठे? गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं तसंच. चांगल्या आयोडीनने आधी भरून टाकली की किरणोत्सारी आयोडीनला जागाच उरत नाही. पण हे एवढ्या एका ग्रंथीपुरतंच. बाकी अंगाला ही गोळी वाचवत नाही, तेव्हा सांगितलं की गाव सोडायचंच."

"आम्ही रोज समुद्री शेवाळाचं सूप पितो, आमचे कप्पे भरलेलेच," मासुएआजी म्हणाल्या होत्या.

"त्या मापाने प्यायचं तर पातेल्यात बसावं लागेल, आजी. शिवाय तुम्हाला तशीही फारशी गरज नाही. चाळिशीनंतर धोका अगदी कमी. खरी निकड लहान मुलांची."

"म्हणजे मी गेले तरी चालेल."

"तुम्ही गेलात तर मला लोणचं कोण घालील?"

रुसलेल्या मासुएआजींनीच मग मुलांसाठी कामाला हात घातला. जुन्या किमोनोच्या जरीच्या पट्ट्यातून त्यांनी गावातल्या प्रत्येक मुलाच्या गोळीसाठी एक पिशवी शिवली, देवळात मिळते तशी, ताइताची, वरून लाल गोफ. मुलं ती दप्तराला लटकवून मिरवू लागली. तोमिएबाई खूश. गोळी हरवणार नाही, विसरणार नाही, आणखी काय हवं?

हवी होती ती एकच पिशवी, चार वर्षांच्या कोहारूची.

कोहारूचे आजोबा इवाओ. उभी हयात केंद्रात पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळण्यात गेलेली. गोळ्यांचं नाव काढलं की त्यांच्या भुवया एकमेकींना भेटायच्या.

"नर्सबाई, मी ज्यावर हात फिरवला ते फुटेल असं म्हणायचंय तुम्हाला?"

"काका, गाडीत पट्टा लावता ना?"

"तो समोरून येणाऱ्या गाढवासाठी. आमच्या केंद्रात समोरून कुणी येत नाही."

मुलगा ट्यूना पकडायच्या बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. सून शिहो, कोहारूची आई, घरात. तिने सभेला येऊन गोळ्या नेल्या असत्या तर नियमाची आडकाठी नव्हती. तोमिएबाईंनी तसं सुचवूनही पाहिलं.

"बाबांच्या नकळत नाही आणणार, ताई," शिहो म्हणाली. "लपवून ठेवलेली वस्तू वेळेला सापडत नाही. आणि सापडली तरी त्यांनी ती हातातून काढून घेतली तर?"

बाईंना तिचं पटलं आणि झोपही उडाली. गोळी लागली तर ती सुरुवातीच्या काही तासांत लागते. गावाबाहेर जाणारा किनाऱ्याचा रस्ता एकच, तो दरड कोसळून वर्षात कितीदा बंद पडतो हे सगळ्यांना माहीत. गावातल्या सगळ्या मुलांच्या दप्तराला गोळी आणि या एका पोरीच्या दप्तराला नुसता कापडी बेडूक.

शरदातला आणीबाणीचा वार्षिक सराव आला. शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं. इवाओकाका दरवर्षीप्रमाणे डुकराच्या मांसाच्या सुपाच्या हंड्याशी उभे, सरावाशी आपला संबंध तेवढाच अशा चेहऱ्याने. कार्यक्रम ठरलेला: भोंगा वाजला की मुलांनी पिशवीतलं गोळीचं पाकीट काढून दाखवायचं, परत ठेवायचं, आणि खऱ्या गोळीऐवजी बाईंकडून लिमलेटची गोळी घ्यायची.

भोंगा वाजला. कुणी हललं नाही.

"काढा ना पाकिटं," तोमिएबाई म्हणाल्या.

मुलं आयांकडे बघू लागली, आया मासुएआजींकडे.

"ताईत उघडायचा नसतो," एक आई हळूच म्हणाली. "आतलं रक्षण निघून जातं."

"मी तर पिशव्यांची तोंडं शिवूनच टाकलीत," आजी म्हणाल्या. "ताईत म्हटल्यावर शिवणारच."

तोमिएबाईंनी लिमलेटची बरणी खाली ठेवली. कौतुक करकरून त्यांनी गावभर गोळ्या वाटल्या होत्या, आणि गावाने त्या देवाच्या हवाली करून टाकल्या होत्या. खरोखरची वेळ आली असती तर? मुलांचे डोळे मात्र लिमलेटच्या बरणीवर खिळलेले.

"काय अडलंय? सूप निवतंय," असं म्हणत इवाओकाका पळी हातात घेऊनच आले. प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"आणीबाणीचा व्हॉल्व्ह असतो, त्यालाही सील असतं. दर चाचणीला आम्ही ते तोडायचो, व्हॉल्व्ह फिरवून बघायचो, नवं सील लावायचो. कधी न उघडलेला व्हॉल्व्ह नेमका त्याच दिवशी अडकतो. आणा इकडे कात्री."

"पाप कुणाला लागेल?" आजींनी विचारलं.

"माझ्या नावावर टाका. तिथं आधीच गर्दी आहे."

मुलांची रांग लागली. काका टाका उसवायचे, पाकीट काढून उजेडात तारीख बघायचे, "ठीक," म्हणायचे, आणि तोमिएबाई लिमलेट द्यायच्या. आजी सुईदोरा काढून बटण कसं लावता येईल याचा हिशेब करू लागल्या. काका इतके रंगात आले की हंड्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

रांगेच्या शेवटी कोहारू. तिने बेडूक पुढे केला.

"आजोबा, याचंपण कापा."

मासुएआजींनी तोंड उघडलं. तोमिएबाईंनी त्यांच्या पायावर अलगद पाय दिला आणि बरणीतून लिमलेट काढली.

"थांबा," काका सवयीने म्हणाले. "पाकीट नाही तर गोळी कशी? सराव म्हणजे सराव."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. कोहारूचा खालचा ओठ पुढे आला. शिहो जमिनीकडे बघत राहिली. काकांनी कात्री दोनदा उघडली, मिटली.

"सूप खारट झालंय का हो, काका?" तोमिएबाईंनी विचारलं. "मला एक वाटी द्या, बघते."

ते वाटी घेऊन आले तेव्हा पटांगण पांगलं होतं. वाटी हातात देताना ते दुसरीकडेच बघत होते.

"ती डॉक्टरची सभा पुन्हा कधी आहे?"

"मंगळवारी. दुपारी."

"डॉक्टरला म्हणावं, जरा तयारी करून ये."

मंगळवारी काका पहिल्या रांगेत. गोळी किती वर्षं टिकते, उन्हात ठेवली तर काय, मुलीने ओकून टाकली तर दुसरी द्यायची का, द्यायची तर कुणाला विचारून. बिचारा तरुण डॉक्टर पाणी पीत पीत उत्तरं देत होता. सभा संपल्यावर तोमिएबाईंनी पाकीट पुढे केलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मान लववली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"भोंग्यावर सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, बरोबर?"

"अगदी बरोबर."

"तो भोंगा आमच्या घराकडच्या वळणावर ऐकू येत नाही."

तोमिएबाईंचा हसरा चेहरा जरा उतरला. "कधीपासून?"

"वारा पश्चिमेचा असला की कधीच येत नाही. मी आजवर बोललो नाही, आपल्याला काय करायचंय म्हणून. आता करायचंय."

त्या दिवसापासून नगरपालिकेत रोज सकाळी काकांचा फोन येतो: आज वारा कुठला, भोंग्यावरच्या रोजच्या सूचनेतले कोणते शब्द पोहोचले, कोणते गळाले. काल तोमिएबाई वीजमिस्त्रीला घेऊन वळणावर भोंगा बसवायला गेल्या. मिस्त्री खांबावर, खाली इवाओकाका त्याला पाना कसा धरायचा ते शिकवत होते. शिहोने ओट्यावर लोणच्याची बशी आणून ठेवली.

"ताई, आता बाबा तुमच्यामागे लागले," ती हसू दाबत म्हणाली. "माफ करा हं."

"लागू देत," तोमिएबाई म्हणाल्या आणि बशी जवळ ओढली.