गंगेवर हवेत थांबणारा खंड्या

माझी पत्नी इंदू काशीची, दुर्गाघाटावरची. लग्न होऊन पुण्याला आली तेव्हापासून सांगत आलीय, की आमच्या गंगेवर एक पक्षी हवेत उभा राहतो. मी हसण्यावारी न्यायचो. यंदा तापानं तिचं हृदय अधू झालं, डॉक्टरांनी जिना उतरायचीही बंदी केली. तेव्हा ती म्हणाली, "माहेर आता काही व्हायचं नाही. तो पक्षी तेवढा फोटोत आणून दाखवा." दिवाळी होताच निघालो. लढाईमुळे कॅमेऱ्यात घालायच्या, फोटो उमटणाऱ्या काचा मिळेनाशा झाल्यात. ओळखीपाळखीनं मिळालेला एकुलता एक डबा छातीशी धरला होता.

जाणार असाल तर आधीच सांगतो, इटारसीला गाडी बदलावी लागते आणि डबे शिपायांनी भरलेले असतात. मी वळकटीवर बसून गेलो. काशीला स्टेशनातून घोड्याचा एक्का चौकापर्यंत नेतो, भाडं आधी ठरवून घ्या. पुढं गल्ल्याच गल्ल्या. समोरून गाय आली की आपण मागं सरायचं. सामान हमालाकडं द्या, कॅमेरा मात्र स्वतः उचला. थंडीत तिथं मलइयो मिळतो, दुधाचा केशरी फेस. तोंडात घालावा तर नाहीसाच होतो.

पहाटे नाव ठरवून निघायचो. धुकं इतकं दाट, की भोसले घाटाचा दगडी महाल पाण्यावर तरंगतोय असं वाटावं. कुठंतरी घंटा वाजायची, कुठली ते कळायचं नाही. शिंदे घाटाशी एक निळा खंड्या नावेच्या दोरावर बसलेला असायचा, पायऱ्यांवर धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरायचे, आणि वर सुरय पक्षी धुक्यात शिरून विरघळून जायचे. मी वेड्यासारखा काचा उडवत सुटलो. बहुतेकींवर नुसतं धुकंच येणार हे दिसत होतं. शेवटी एकच काच उरली आणि हवेत उभा राहणाऱ्याचा पत्ता नाही.

मी चुळबुळ करू लागलो तसा नावाडी म्हणाला, "चुप्पे बइठा बाबू, अपने से आई." म्हणजे गप्प बसा, तो आपणहून येईल.

आणि आला! काळापांढरा, कवड्या खंड्या. पाण्यावर दोन पुरुष उंचीवर येऊन थांबला. पंख फडफडत होते, डोकं मात्र जागचं हलत नव्हतं. सगळी गंगा त्याच्याखाली थबकल्यासारखी वाटली. मी कळ दाबली. इंदूला खोटं पाडत आलो त्या सगळ्या वर्षांची लाज वाटली.

काच धुवायला अंधार हवा. मी उतरलो होतो त्या सासुरवाडीच्या घरात सर्वांत काळोखी जागा देवघर, पण तिथला नंदादीप विझवायचा विषय जावयानं काढायचा तरी कसा? म्हणून धान्याच्या कोठीत, काचेला न बाधणारा लाल कंदील घेऊन बसलो. मेहुण्याला बजावलं, कोणाला आत सोडू नकोस. सासूबाई तेव्हा देवळात होत्या. ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात पक्षी हळूहळू उमटू लागला, आणि दार उघडलं. हातात पेटतं निरांजन घेऊन सासूबाई उभ्या.

"काय हो जावईबापू! दियाबत्तीच्या वेळी कोठरीत अंधार करून बसलात? घरचा जावई तिन्हीसांजेला अंधारात, लोग काय म्हणतील?"

मी ताटलीवर झाकण ओढलं, ते अर्धंच सरकलं, उरलेल्या काचेवर उजेड पडलाच. सासूबाईंनी निरांजन समोर ठेवलं, दिव्याला हात जोडले. मग विचारलं, "आमच्या इंदूला दिसेल ना पक्षी?"

"दिसेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

परतीच्या वाटेवर मला काही खाववलं नाही. पुण्याला येऊन फोटो छापला. खाली गंगेचं पाणी, वर पक्ष्याच्या जागी नुसता पांढरा डाग. इंदूसमोर ठेवला आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की मला डॉक्टरांची आठवण झाली.

"आई निरांजन घेऊन आली? अजून घरभर दिवा दाखवत फिरते?"

"अजून," मी म्हणालो. "आण इकडं, वरचा भाग कापून टाकतो. निदान गंगा तरी राहील."

तिनं फोटो पदराआड घेतला. "कापायचं नाही हं," ती म्हणाली, "त्या डागात आई आहे."