ज्याचं परमिट, त्याचीच सही

दिल्लीत द्वारकेच्या एका सोसायटीत गुणवंत मेश्रामांची ख्याती अशी, की हा माणूस भाजीच्या गाडीसमोरही दहा मिनिटं उभा राहतो. मेथी घ्यावी की पालक, ठरता ठरत नाही. आणि गंमत बघा, याच माणसाने चौतीस वर्षं विजेची मोठमोठी उपकेंद्रं सांभाळली. त्यातली तीन वर्षं तर अफगाणिस्तानात, फाटकावर बंदूकवाले उभे असताना. तिथे कधी निर्णय अडला नाही, कारण तिथे नियम होता. नियम असला की मेश्रामांचं डोकं स्वच्छ चालायचं.

नियम साधाच. तारेवर चढणाऱ्याने आधी परमिट घ्यायचं. त्यावर त्याचं नाव, त्याच्याच हातची सही, चढायची वेळ. काम संपलं की खाली उतरून त्यानेच ते परत करायचं. 'उतरला हो तो' असं दुसऱ्या कुणी शपथेवर सांगितलं तरी वीज सोडायची नाही, आणि परमिट देणाऱ्या साहेबाने तोवर जागा सोडायची नाही. हाताखाली शिकणाऱ्या तिथल्या चाळीस जणांकडून मेश्रामांनी हे घोटून घेतलं होतं.

मंगळवारी जुन्या कंपनीतून फोन आला. लढाईत बंद पडलेलं अफगाणिस्तानातलं ते उपकेंद्र पुन्हा उभं करायचं ठरलंय. वीज आली की कारखाने चालतील, दवाखाने चालतील, पण जाणती माणसं हवीत. तुम्ही शिकवलेल्यांची नावं-पत्ते शुक्रवारपर्यंत पाठवा, यादी तिथल्या सरकारकडे जाईल.

मेश्रामांनी कपाटातून हजेरीची वही काढली आणि तिथेच अडकले.

"बाबा, बिल्कुल नको," लुंबिनी म्हणाली. ही त्यांची मुलगी, नोएडाला एका न्यूज चॅनेलमध्ये नोकरीला. "परदेशी लोकांबरोबर काम केलेल्यांची यादी आहे ही. चुकीच्या हातात पडली आणि कुणाला घरातून उचललं तर?"

अफगाणिस्तानात बरोबर राहिलेला मित्र भालचंद्र फोनवर उखडलाच. "अरे यार मेश्राम, नोकऱ्या मिळतायत त्यांना! बसल्या जागी तू त्यांची भाकरी अडवणार?"

दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मेश्राम वही धरून उभे. दोन रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

गुरुवारी ते मेट्रोने भोगलला, दिल्लीतल्या अफगाणांच्या वस्तीत गेले. चाळिसांतला एक, रहमत, तिथे नानच्या भट्टीवर काम करतो. देश सोडून त्याला चार वर्षं झाली. धाकटा भाऊ यूसुफ आईजवळ मागेच राहिला. तोही मेश्रामांच्याच हाताखाली शिकलेला, अगदी शेवटच्या तुकडीत.

"यादी देऊ का?" असं मेश्रामांनी हिंदीत विचारलं. रहमतने हात पुसले.

"साहब, मेरा नाम लिस्ट में मिला, तो भागना पड़ा. यूसुफ का नाम किसी लिस्ट में नहीं, तो दो साल से बेकार बैठा है. अब आप ही बताइए, लिस्ट अच्छी चीज़ है या बुरी?"

घ्या! उत्तर मागायला गेलेल्याच्या पदरात प्रश्न पडला.

"कौन सी लिस्ट में मिला?" मेश्रामांनी विचारलं.

"गेट पास वाली. यूसुफ का पास तब बना नहीं था." रहमतने भट्टीतून एक नान काढला. "नीचे आपके दस्तख़त थे, साहब." आवाजात राग नव्हता. त्याने तो गरम नान कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत.

परतताना मेश्रामांना मेट्रोत बसवेना. एवढी सगळी नावं, आणि खाली सही एकट्याची. ज्या माणसाने चाळीस जणांना 'ज्याचं परमिट, त्याचीच सही' म्हणून दटावलं, त्याने स्वतःच सगळ्यांच्या वतीने सही ठोकली होती. आणि उद्या यादी पाठवली, तर तो तेच पुन्हा करणार होता. लाजेने त्यांचे कान तापले.

शुक्रवारी त्यांनी कंपनीला कळवलं, यादी मिळणार नाही. ज्याला यायचंय तो आपलं नाव आपल्या हाताने लिहून देईल. मी त्याला शिकवलंय, एवढं मी खाली लिहीन. तसा निरोप रहमतने जमेल तितक्यांना धाडला.

संध्याकाळपर्यंत एकच फोटो आला, यूसुफचा. वहीच्या पानावर त्याने पट्टीने रेघा मारून हुबेहूब परमिट आखलं होतं. नाव, सही, वेळ. शेवटचा रकाना, 'परत केले', तेवढा रिकामा.

मेश्रामांनी खाली आपली ओळ लिहिली आणि कागद पुढे पाठवला.

"बरोबर केलं ना बाबा?" लुंबिनीने विचारलं.

"माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

जेवण वाढून झालं तरी ते खुर्चीतच, फोन हातात धरून.

"आता चलो ना, जेवून घ्या. आज थोडंच काही कळणार आहे?"

"तू जेव," मेश्राम म्हणाले. "पोरगं वर चढलंय. मला जागा सोडता येत नाही."