केबिनमध्ये गाडी बंद पडत नाही

कर्नाळ्याच्या वळणावर आमची गाडी पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा आई माझ्या शेजारी बसली होती. तिचा निखळलेला खांदा बसवला होता आणि व्यायामासाठी मी तिला तिच्या गावाहून, आपट्याहून, पनवेलला आणत असे, संध्याकाळच्या आत परत सोडत असे. त्या दिवशी परत जाताना उतारावर मीटरचे काटे एकदम खाली आले. इंजिनाचा आवाज गेला. रेडिओ मात्र चालूच होता, कुणीतरी बाई लोणच्याची कृती सांगत होत्या. स्टिअरिंग इतकं जड झालं की जणू कुणी पलीकडून धरून ठेवलंय. मागे कंटेनरचा हॉर्न वाजायला लागला. मी ब्रेक दाबला, पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा पाय दगडावर ठेवल्यासारखं वाटलं.

आई शाळेत मुख्याध्यापिका होती. आवाज न चढवता पोरांना जागेवर बसवणारी. ती एवढंच म्हणाली, "डावीकडे घे. दोन्ही हातांनी ओढ." मी ओढलं. गाडी रस्त्याच्या कडेला मातीत उतरून थांबली आणि कंटेनर आमच्या आरशाला हवेचा फटका देऊन गेला. मग आईने हात पुढे करून रेडिओ बंद केला.

किल्ली पाहिली तर ती चालू स्थितीतून एक घर मागे सरकली होती. मी हात लावला नव्हता. पुन्हा फिरवली, गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथले मॅनेजर चाळिशीतले, नीट इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला गोड. त्यांनी गाडीला संगणक जोडला आणि काहीच दोष दिसत नाही म्हणून सांगितलं. माझ्या किल्लीला घराच्या, कपाटाच्या, ऑफिसच्या किल्ल्या लावलेल्या होत्या. हे ओझं काढा, म्हणाले. आणि जाता जाता हसून, उंचीनुसार सीट पुढे घेतली की लेडीज ड्रायव्हरचा गुडघा कधी कधी किल्लीला लागतो, असंही म्हणाले. मी ओझं काढलं. सीट मागे घेतली. पळस्पे फाट्याला गाडी पुन्हा बंद पडली, नुसत्या एकट्या किल्लीवर, सरळ रस्त्यावर.

त्यानंतर कंपनीचा मेसेज आला. या मॉडेलच्या काही गाड्यांचा इग्निशन स्विच, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, मोफत बदलून देणार, गाडी घेऊन या. मला वाचून राग कमी झाला, हे मी कबूल करते. वाटलं, चला, आपण वेड्या नव्हतो. गाडी सकाळी दिली, दुपारी मिळाली. दारावर छोटं स्टिकर लावलेलं, काम झाल्याचं. मॅनेजरनी फोनवर पाच तारे द्या म्हणून दोनदा आठवण करून दिली आणि मी देऊनही टाकले.

तिसऱ्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा मी उरण नाक्यावर होते. मागून रिक्षा येऊन बंपरला धडकली. कुणाला लागलं नाही. रिक्षावाला शिव्या द्यायच्या तयारीने उतरला, माझा चेहरा पाहिला आणि गाडी ढकलायला लागला. घरी गेल्यावर नवरा म्हणाला, विकून टाकू, डोक्याला ताप नको. मी विचारलं, विकायची कुणाला? कोण बसणार तिच्यात? त्या प्रश्नानंतर विकण्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

तेव्हा मी ठरवलं की आता तक्रार करायला जायचं नाही. आता तिथे जाऊन उभं राहायचं.

सर्व्हिस सेंटरच्या गार वेटिंग रूममध्ये माझ्यासारख्याच एक बाई बसल्या होत्या. उरणकडच्या खाडीकाठच्या, मासळीचा धंदा करणाऱ्या. गाडी माझ्याच मॉडेलची, रंग तेवढा निराळा. त्यांची गाडी भर बाजाराच्या गर्दीत दोनदा बंद पडली होती. रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीच्या त्या मोफत दुरुस्तीत, त्यांचंही काम झालं होतं, स्टिकरही होतं. आता त्यांना सांगण्यात येत होतं की मासळीच्या बर्फाचं पाणी वायरिंगमध्ये गेलंय, म्हणून दोष कंपनीचा नाही. त्या काउंटरपाशी शांतपणे उभ्या राहिल्या.

"मासलीचा पानी सांडतंय डिकीत," त्या म्हणाल्या. "चावी मी काय डिकीत लावतंय?"

काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना. मलाही. त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा मी माझी हकीकत सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, मग विचारलं, "तुमाला काय बोलले?" मी म्हटलं, गुडघा लागतो. त्या म्हणाल्या, मला मासळी, तुला गुडघा, उद्या कुणाला पदर. मी त्यांना ताई म्हणायला लागले, त्या मला बाय.

आम्ही दोघी मॅनेजरांकडे गेलो आणि एकच गोष्ट मागितली. तुम्ही स्वतः माझी गाडी चालवा, आम्ही मागे बसतो, कर्नाळ्यापर्यंत जाऊन येऊ. त्यांनी सांगितलं की कंपनीच्या नियमात बसत नाही, टेस्ट ड्राइव्हसाठी वेगळा माणूस असतो, आणि आता तर शोरूममध्ये डिलिव्हरी आहे.

डिलिव्हरी होती खरी. एक कुटुंब नवीन गाडी न्यायला आलं होतं, त्याच मॉडेलची. बॉनेटवर झेंडूचा हार, काकूंच्या हातात पूजेचं ताट, चाकाखाली लिंबं. मी बाहेर गेले, माझी गाडी काढली आणि शोरूमच्या फाटकात आडवी लावून बंद केली. किल्ली पर्समध्ये टाकली. ताई येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. आयुष्यात मी कुणाची वाट अडवली नव्हती. दुकानात उरलेले सुटे मागायलाही मला जड जातं.

वॉचमन आला, त्याला नम्रपणे नाही म्हटलं. मग हाराचं कुटुंब आलं. त्या काकूंनी विचारलं, काय झालं हो? मी आवाज चढवला नाही. आईसारखं बोलायचा प्रयत्न केला. त्यांना सांगितलं की चालत्या गाडीची किल्ली आपोआप मागे सरकते, स्टिअरिंग अडतं, ब्रेक जड होतो, आणि दुरुस्ती झाली म्हणून सांगितल्यावरही हेच झालं. तुमची नवीन आहे, तिच्यात हा दोष कदाचित नसेल. पण विचारून घ्या. काकूंनी पूजेचं ताट नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्या मॅनेजरांना बोलवायला आत गेल्या.

मॅनेजर घाईने बाहेर आले. घाम आला होता. ते खाली वाकून खिडकीशी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, इथे सगळ्यांसमोर नको. केबिनमध्ये बसून बोलू."

"केबिनमध्ये गाडी बंद पडत नाही," मी म्हटलं. "तुम्ही इथे बसा."

मी उतरले आणि ड्रायव्हरच्या सीटचं दार उघडं धरलं. त्यांनी वळून पाहिलं. मागे ते कुटुंब, काउंटरवरची मुलगी, वर्कशॉपमधले दोघंतिघं. शेवटी ते बसले. ताई मागच्या सीटवर गेल्या, मी त्यांच्या शेजारी.

जाताना काही झालं नाही. पळस्पे गेलं, पुढचे स्पीडब्रेकर गेले. मॅनेजर आरशातून माझ्याकडे बघत होते आणि मला भीती वाटायला लागली की आज ही बया नीट चालणार आणि मी खोटी पडणार. गाडी बंद पडावी म्हणून मी मनात प्रार्थना करत होते. इतकी उलटी प्रार्थना कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

कर्नाळ्याहून परतताना, एका खड्ड्यातून चाक गेलं आणि काटे खाली पडले. मी काही बोलले नाही. मॅनेजरांचे खांदे ताठ झाले. त्यांनी स्टिअरिंग ओढलं, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. मागून ट्रक येत होता. ताईंनी माझा हात धरला. गाडी कशीबशी डाव्या कडेला लागली, ट्रक निघून गेला.

त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढलेच नाहीत. तसेच बसून म्हणाले, "माझा गुडघा लागला नव्हता."

"माहीत आहे," मी म्हटलं.

परत आल्यावर त्यांनी स्वतः उभं राहून स्विच उघडायला लावला. आत जुनाच स्विच होता. फक्त किल्लीच्या भोकात प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी बसवून काम झालं असं लिहिलेलं होतं. नवे स्विच आलेच नव्हते आणि वरून काम संपवायची घाई होती, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. तसं लिहून द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत.

माझ्यासाठी नवा स्विच लवकर येईल, असं दुसऱ्या दिवशी कळलं. ताईंच्या गाडीबद्दल अजून विचारणा चालू होती, मासळीमुळे. मी सांगितलं की दोन्ही गाड्या एकदम होतील, नाहीतर माझीही करू नका. तोवर मी आईला रिक्षाने आणलं-नेलं, ताईंनी मासळी टेम्पोने नेली. आईने या गैरसोयीबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. उलट ताईंना फोन करून धीर देत होती. शेवटी दोन्ही स्विच एकाच सकाळी बसले.

तिथेच थांबलं असतं तर कंपनी खूश झाली असती. त्यांच्या मोठ्या ऑफिसातून एका गृहस्थांचा फोन आला, वॉरंटी वाढवून देतो, विषय इथेच संपवू. मी विचारलं, त्या स्टिकरवाल्या बाकीच्या गाड्या कोण उघडून बघणार? त्यांनी ते त्यांच्या हातात नाही म्हणून सांगितलं. मग मी अलिबागला, ग्राहक आयोगात गेले. माझी तक्रार आणि ताईंची तक्रार, दोन वेगळ्या.

पहिल्या सुनावणीला माझ्या आणि ताईंच्या बरोबर आईही आली, खांदा बरा झाला होता. कंपनीचे वकील तरुण होते, हुशार होते. त्यांनी मला विचारलं की गाडी आता नीट चालते, अपघात तर झालाच नाही, मग तुमचं नुकसान नक्की काय झालं?

मी म्हटलं, "अपघात झाला नाही, म्हणून तर मी इथे उभी आहे. झाला असता तर तुम्ही हा प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारला असता."

पुढची तारीख मिळाली. निकाल अजून लागलेला नाही आणि कंपनीचे वकील मध्ये एकदा बदलले आहेत. नवे वकील आमच्याशी जरा घाबरून बोलतात. त्या पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर आम्ही तिघींनी टपरीवर चहा घेतला. ताईंनी बशीत ओतलेला चहा फुंकला आणि म्हणाल्या, "निकाल लागो नाय तर नको लागो, बाय. आमी येत रानार."