अमावस्येला रंगवलेली आळी

"जाऊन आलात?"

बाईंचा हा प्रश्न ज्याने ऐकला नाही, त्याने आमच्या ऑफिसात काम केलं असं मी मानत नाही. तुम्ही टेबलावर नकाशा पसरायचा, हातात पट्टी घ्यायची, "या भागात असं करता येईल" म्हणून सुरुवात करायची. बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, नकाशाकडे ढुंकूनही न बघता तुमच्या चपलांकडे बघायच्या आणि विचारायच्या, "जाऊन आलात?" चपला स्वच्छ असल्या तर आपण होऊन नकाशा गुंडाळायचा आणि निघायचं. साहेब त्या ऑफिसचे मालक, पण त्यांच्याही बुटांकडे त्या अशाच बघत. साहेबांचे बूट कायम चकचकीत असत.

आमचं ऑफिस नगर नियोजनाचे अभ्यास करून द्यायचं. कुठे माणसं राहतात, कुठे दुकानं आहेत, कुठे कारखाने, काय जपायचं आणि काय पाडू द्यायचं, हे ठरवणाऱ्यांना सोपं जावं म्हणून आम्ही गल्लीबोळांतून फिरायचो आणि नकाशात रंग भरायचो. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे. नवीन लागले तेव्हा मला ते शाळेतल्या चित्रकलेच्या तासासारखं वाटायचं. कागदावर आपण रंग देतो आणि पुढे कितीतरी वर्षं माणसांना त्या रंगाप्रमाणे जगावं लागतं, हे मला बाईंनी शिकवलं. तेही प्रेमाने नाही. माझा पहिला नकाशा त्यांनी माझ्याच हातात परत दिला आणि म्हणाल्या, "छान रंगवलंय. आता खरा करून आण."

हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या ते हे दिवस. आमच्याकडे नवे कॉम्प्युटर आले होते, आणि साहेबांच्या तोंडी उठता-बसता एकच वाक्य असे, "पुणं आता ग्लोबल होतंय." त्यावर बाई म्हणायच्या, "होऊ दे की. आधी आमच्या पेठेत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढू दे, मग सावकाश होऊ दे."

बाई प्रेमळ वगैरे अजिबात नव्हत्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना बरोबर असण्याची सवय लागलेली असते आणि समोरच्याला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. डबा त्या एकट्याच खायच्या, लोणच्याची फोडदेखील कुणाला देत नसत. पण मी कसब्यात भाड्याच्या खोलीत तापाने पडले होते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ मऊ भात घेऊन आल्या आणि खोलीला खिडकी का नाही म्हणून माझ्या घरमालकाला असं फैलावर घेतलं, की मी बरी झाल्यावर त्याने मला खोली सोडायला सांगितली. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "बरं झालं. खिडकी असलेली बघ."

शहराच्या कडेच्या गावांचा अभ्यास आला तेव्हा बाई वाघोलीच्या बाजूला रोज जायला लागल्या. वरून घेतलेल्या फोटोत एक मोठी मोकळी जागा दिसत होती. साहेबांनी तिच्यावर परस्पर आयटी पार्क लिहून टाकलं होतं. बाई तिथे उभ्या राहिल्या आणि एका म्हाताऱ्याला विचारलं, "ही जागा मोकळीच असते का हो?" तो म्हणाला, "मोकळी कशानं? बाजाराच्या दिशी या की. पाय ठिवाया जागा न्हाय." बाई बाजाराच्या दिवशी पुन्हा गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाल्या, "तुमच्या फोटोग्राफरला सांगा, बाजार बघून उडत जा." आम्ही तोंडं फिरवून हसलो. साहेब हसले नाहीत.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कसबा पेठेचं काम झालं.

बाई वाघोलीत अडकलेल्या, मी त्यांच्याबरोबर. साहेबांना तर घाई झालेली. त्यांनी तात्पुरती घेतलेली दोन कॉलेजची मुलं कसब्यात पाठवली. तिथे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांची एक छोटी आळी होती. तिचं नाव मी सांगत नाही, सांगूनही आता उपयोग नाही. खाली कामाची जागा, वर बिऱ्हाड. दिवसभर बंबांवर आणि घंगाळांवर हातोडे पडत असत. आळीत शिरल्यावर बोलायचं असेल तर ओरडून बोलावं लागे. मुलं गेली, आली आणि त्यांनी सांगितलं, "एकदम सायलेंट एरिया आहे सर. डोअर्स क्लोज्ड. प्युअर रेसिडेन्शियल." आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी झाली.

संध्याकाळी बाई वाघोलीहून धुळीने भरून आल्या तेव्हा त्यांच्या सहीसाठी नकाशांचा गठ्ठा तयार होता; त्यांच्या सहीशिवाय ऑफिसातून नकाशा बाहेर जात नसे. कसब्याचा कागद आला तशी मी म्हणाले, "हा उद्या बघू या का?" त्या म्हणाल्या, "अगं, कसबा मला पाठ आहे. मी जन्मले तिथे." आणि सही केली. जगाला चपला दाखवायला लावणारी ही बाई, स्वतःच्या पेठेला मात्र टेबलाशी बसून सही देऊन मोकळी झाली.

पुढे नकाशा जाहीर झाला. आता जाहीर झाला म्हणजे काय, तर वर्तमानपत्रात मुंगीएवढ्या अक्षरांत नोटीस आली आणि एका कचेरीच्या जिन्यात नकाशा टांगला गेला. हरकत घ्यायची मुदत आली तशी गेली. ठोकाठोकी करणाऱ्या माणसाने हातोडा खाली ठेवून जिन्यातले नकाशे बघत फिरावं, अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांना एकदा तरी त्या जिन्यात दिवसभर उभं करायला हवं.

मग एक दिवस त्या आळीतले एक वयस्कर तांबट ऑफिसात आले. बाई त्यांना काका म्हणत, लहानपणापासून ओळखत होत्या. काका खुर्चीच्या कडेवर बसले. आळीच्या तोंडाशी नवी इमारत झाली होती, तिथल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली होती. चौकशीला आलेल्या माणसाने नकाशा काढून दाखवला होता.

"तो म्हणतो, इथे फक्त राहायची परवानगी आहे. काम बंद करा," काका म्हणाले. "मी म्हटलं, अहो, आजोबांच्या आधीपासून ठोकतोय. तर म्हणाला, नकाशात तुम्ही नाहीच."

"असं कसं नाही?" म्हणत बाई उठल्या आणि स्वतः नकाशा काढून आणला. पिवळा रंग पाहिला. खाली स्वतःची सही पाहिली. मग त्या दोन मुलांतल्या एकाला बोलावून सर्व्हेची तारीख विचारली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. त्या चौकोनात काळा गोल होता.

"अमावस्या," काका हळूच म्हणाले. "अमावस्येला आम्ही हत्याराला हात लावत नाही, बाई. तुम्हाला माहीतच आहे."

बाईंना माहीत होतं. लहानपणी अमावस्येला आळी गप्प असायची म्हणून दुपारी झोप लागत नसे, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

त्यांनी पुढे जे केलं ते आमच्या धंद्यात कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. स्वतःच केलेल्या नकाशावर त्यांनी स्वतः हरकत घेतली, उशिराची असली तरी ऐकून घ्या म्हणून दारोदार फिरल्या आणि शेवटी हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी आधी समजावलं, मग धमकावलं. बाई म्हणाल्या, "काढून टाका. मग हरकत रिकामटेकडी बाई म्हणून घेईन."

सुनावणीला मी मागे बसले होते. अध्यक्षांनी कागद वर धरला. "ही सही कोणाची?"

"माझी."

"आणि हरकत?"

"तीही माझीच."

सगळं दालन हसलं. एक सभासद तर डोळे पुसत हसत होते. मला त्या हसण्याचा आजही संताप येतो. त्या हसण्यापायी एका आळीची चूल विझणार होती, आणि आपली चूक चारचौघांत कबूल करणारं माणूस त्या दालनात तेवढं एकच होतं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "शिक्षा त्यांना का? आपण एकदा जाऊन या. कान असतील तर पाचच मिनिटं पुरतील."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण ते बोलल्या नसत्या तर त्या बाई कसल्या? समितीने कसंबसं पाहणीला येण्याचं मान्य केलं आणि तारीख दिली. बाईंनी पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशीही अमावस्या होती.

"एक दिवस अलीकडे घ्याल का?"

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "आता अमावस्या-पौर्णिमा बघून शहरं चालवायची का?"

पुन्हा सगळे हसले.

आळीत जाऊन हे सांगायचं काम बाईंनी कुणावर सोपवलं नाही. सगळे जण काकांच्या ओट्यावर जमले. मग काकू म्हणाल्या, "एक दिवस ठोकलं म्हणून देव काही रागवायचा नाही. आणि रागावलाच तर तारीख देणाऱ्यावर रागवेल."

"नाही," बाई म्हणाल्या. "चूक मी करायची आणि नेम तुम्ही मोडायचा? ते मला चालणार नाही."

"बाई, हातोडा आमचा आहे," काका म्हणाले. "तुम्ही फक्त माणसं आणा."

त्या अमावस्येला सकाळपासून आळी ठोकत होती. हाताला काम नव्हतं त्यांनीही जुनं भांडं पुढ्यात घेतलं होतं. काकांनी आधी ऐरणीला हळदकुंकू वाहून माफी मागितली, ते मी पाहिलं. बाई आळीच्या तोंडाशी ठेवणीतलं पातळ नेसून उभ्या होत्या. ऊन चढलं. मी त्यांना सावलीत या म्हणाले, तर म्हणाल्या, "गाडी चुकून पुढे जाईल." दुपार व्हायला आली तेव्हा माझ्या मोबाइलवर साहेबांचा फोन आला. कुठल्याशा कंपनीचे परदेशी पाहुणे आल्यामुळे समिती त्यांच्याबरोबर वाघोलीला जागा दाखवायला गेली होती. पाहणी झाली असं धरून चालायचं होतं.

मी बाईंना सांगितलं. त्या तशाच वळल्या आणि आळीत शिरून म्हणाल्या, "थांबा हो. थांबा आता." त्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. प्रत्येकाच्या दारात जाऊन, खांद्याला हात लावून त्यांनी एकेक हातोडा थांबवला. काका शेवटच्या घरात होते. त्यांनी मान वर केली आणि बाईंचा चेहरा पाहून विचारलं, "आले नाहीत?" बाई उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. काकूंनी पाणी आणलं. "असू दे," काका म्हणाले, "तुम्ही होतात ना." मी तिथे उभी होते आणि मला कुणाला तरी धरून मारावंसं वाटत होतं, पण मारण्याजोगं माणूस त्या आळीत एकही नव्हतं.

अहवाल आला. "प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी कोणताही व्यवसाय चालू असल्याचे आढळून आले नाही." हे वाक्य मी पाठ केलेलं नाही, ते आपोआप पाठ झालं आहे. त्याच अहवालात जतनाचं वेगळं प्रकरण होतं, आणि त्यात आळीतल्या घरांच्या कोरीव लाकडी दर्शनी भागांचं तोंड भरून कौतुक होतं. दारं जपायची होती. दारांमागची माणसं तेवढी नको होती.

बाईंनी त्याच दिवशी नोकरी सोडली. काकांनी काही महिने दार लावून, भांड्याखाली गोणपाट घालून काम करून पाहिलं. मग मुलाने वाघोलीच्याही पुढे पत्र्याची शेड घेतली. काका तिथे एकदाच गेले. म्हणाले, आवाज वाऱ्यावर जातो, घाव बरोबर बसलाय की नाही तेच कळत नाही. बाकीच्यांनी भंगाराच्या भावात हत्यारं विकली.

काही वर्षांनी रविवारी सकाळी त्या आळीत हेरिटेज वॉक सुरू झाला. टोप्या घातलेली, कॅमेरे लटकवलेली आपल्यासारखीच भली माणसं. मला कौतुकाने कुणीतरी सांगितलं म्हणून मीही गेले. गाइड चुणचुणीत होता. त्याने एका कुलूपबंद दारापुढे सगळ्यांना उभं केलं. "पूर्वी इथे तांबट काम करायचे. दिवसभर ठोकण्याचा आवाज यायचा, असं म्हणतात."

"म्हणतात नाही. यायचा," मागून आवाज आला. "आणि पूर्वी नाही, परवा-परवापर्यंत."

बाई होत्या. वाळलेल्या, हातात काठी, पायात धुळीच्या चपला. गाइडला त्यांची सवय असावी, कारण तो कसनुसा हसला.

"कुणी बंद केला, ते विचारा त्याला," बाई म्हणाल्या.

एका मुलीने गाइडऐवजी त्यांनाच विचारलं, "कुणी बंद केला, आजी?"

"मी," बाई म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. सही, अमावस्या, पाहणी, काहीही न गाळता. दर रविवारी त्या हे सांगत असत, असं मला नंतर कळलं. वॉकवाल्यांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगून पाहिलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "रस्ता सार्वजनिक आहे, नकाशात बघा."

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. त्यानंतरच्या एका रविवारी मी मुद्दाम तिथे गेले आणि घोळक्याच्या शेवटी उभी राहिले. गाइड तोच होता. "काळाच्या ओघात तो आवाज बंद पडला," त्याने सांगितलं. लोकांनी माना हलवल्या, दाराचे फोटो काढले आणि सगळे पुढच्या घराकडे वळले.