काकांचा सिलिंडर

या मास्कच्या रबराचा वास नाकात शिरला आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या शेजारच्या काकू आठवल्या. मी आयटीत नुकताच लागलो होतो, आणि मला नि माझ्या मित्राला घरीच पाणबुड्याचं सामान बनवून धरणात उतरायचं वेड लागलं होतं. जुन्या बाजारातून पोहायचा चष्मा, रबरी नळ्या, कमरेला बांधायला शिशाचे तुकडे जमले. अडलं होतं ते सिलिंडरपाशी. काकांच्या आजारपणातला एक काकूंकडे होता, पण काका जाऊन महिनाच झाला होता, म्हणून बिचकतच बेल वाजवली. "न्या की, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" म्हणत त्यांनी पलंगामागे उभा असलेला काकांचा ऑक्सिजनचा सिलिंडर दाखवला. मित्राने चावी फिरवली तर दाब दाखवणारा काटा थेट वर. "काकू, हा तर भरलेलाच आहे!" "असणारच," त्या म्हणाल्या. "मुलगा अमेरिकेहून निघाला होता ना. तो येईपर्यंत पुरायला हवा, म्हणून हे सारखे बंद करायला लावायचे. आणि मी करत होते." आम्ही तो उचललाच नाही, आणि धरणाचा विषयही पुन्हा निघाला नाही. आज मास्क माझ्या तोंडावर आहे. मुलगी बंगळुरूहून निघालीय, आणि माझा हात सारखा चावीकडे जातोय.