उलटा गज

वाद्यवृंदात तिला ‘हापिसर’ म्हणत आणि विद्यापीठात ‘कलाकार’. दोन्हीकडे हसून म्हणत, आणि दोन्हीकडे ते तिला सारखंच झोंबे. ती व्हायोलिन वाजवायची आणि कला-व्यवस्थापनात एमए करायची, एवढाच तिचा गुन्हा. एका माणसाने दोन कामं केली की लोकांना आपल्याच खिशातून काहीतरी गेल्यासारखं का वाटतं, देव जाणे.

शिकायला जाण्यामागेही रागच होता. वाद्यवृंदाच्या ऑफिसने एकदा नवं सभागृह घेतलं आणि मंचावर हात असलेल्या गुबगुबीत खुर्च्या मांडल्या. अशा खुर्चीत बसून गज पूर्ण ओढायला जावं, तर कोपर लाकडावर आपटतं. हे व्यवस्थापकांना सांगितलं तर ते म्हणाले, “पण दिसतात किती छान!” सगळ्यांनी दातओठ खात कार्यक्रम वाजवला, नंतर जिन्यात उभं राहून ऑफिसच्या नावाने मनसोक्त शिव्या घातल्या आणि आपापल्या घरी गेले. हिने मात्र प्रवेशाचा अर्ज भरला. ऑफिसात निदान एक तरी माणूस असा हवा ज्याला खुर्ची कळते, हे तिचं म्हणणं.

आईने कपाळावर हात मारला. “अगं, राग आला की माणसं भांडतात. तू अ‍ॅडमिशन घेतेस!”

मग सुरू झाली ती नुसती धावपळ. सकाळी सराव, दुपारी वर्ग, संध्याकाळी तालीम, आणि डबा मिळेल त्या बाकावर. विद्यापीठाच्या मागच्या जिन्यात ती तारांखालच्या घोडीवर आवाज दाबणारं रबर लावून हळू आवाजात वाजवत बसायची, आणि तालमीच्या मधल्या सुट्टीत अनुदानाच्या नियमांवरचं पुस्तक उघडायची. सगळे बघत, डोळे मिचकावत. वाद्यवृंदातली तिची खुर्ची अजून कच्ची होती. हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर व्हायोलिनवाले आपसात मत देणार आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार. लहानपणापासून तिला हवी होती ती हीच खुर्ची. ऑफिसातली नव्हे, ही.

त्या कार्यक्रमाच्या शेवटच्या तालमीच्या वेळीच वर्गात तिचं सादरीकरण आलं. तारीख काही बदलेना. तिने रीतसर रजा मागितली, व्यवस्थापकांनी ती हसत दिली. सादरीकरणाचा विषय होता ‘संस्थेतला परस्पर संवाद’. ती तिथे संवादावर घसा कोरडा करत होती, तेव्हा इकडे पहिल्या खुर्चीवरच्या, म्हणजे सगळ्या व्हायोलिनांचे गज ठरवणाऱ्या वादकाने संथ भागातले गज उलटे केले. जिथे गज खाली ओढायचा तिथे आता वर न्यायचा. यात काही विशेष नाही, असे बदल होतच असतात. एका स्टँडवर दोघांत मिळून नोटेशनची एकच प्रत असते. त्यातला एक गैरहजर असला, तर शेजारी बसणारा पेन्सिलीने त्यावर खुणा करून ठेवतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते आपोआप होतं.

तिच्या शेजारणीने ते केलं नाही.

कार्यक्रमात संथ भाग आला. सगळे गज एकदम वर गेले आणि तिचा एकटीचा खाली आला. सूर तंतोतंत बरोबर होता, पण सूर दिसत नाही, गज दिसतो. समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकांच्या भुवया वर गेल्या. तिने पुढच्याच सुरावर गज सावरला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वर्गातली मुलं अभ्यासासाठी म्हणून तिसऱ्या रांगेत बसली होती. त्यांतलं एक खुदकन हसलं, ते तिला वाजवताना ऐकू आलं.

मंचामागच्या खोलीत तिने शेजारणीला गाठलं.

“खुणा का नाही केल्यास?”

“विसरले गं.”

“स्वतःच्या हाताला बरी आठवण राहिली!”

शेजारीण व्हायोलिन पुसत राहिली, वर बघेना. “खरं सांगू? मला वाटलं, तू आता ऑफिसातच जाणार. सगळे तेच म्हणतात. मग तुला काय फरक पडतो?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैर असतं तर एक वेळ समजलं असतं. इथे वैरही नव्हतं. यांनी आपसात बसून हिचं आयुष्य परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि हिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. ती तडक बाहेर पडली, कारण थांबली असती तर हातातली व्हायोलिनची पेटी फेकली असती.

दोन दिवसांनी व्यवस्थापकांनी बोलावलं. मत विरोधात गेलं होतं.

“मनाला लावून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “मला तर आनंदच झाला. ऑफिसात तुझी जागा तयार आहे. वाजवणारे काय गं, ढिगाने मिळतात. तुझ्यासारखं माणूस मिळत नाही.” कौतुकाने मान डोलावत त्यांनी कागद पुढे सरकवला. “आजपासूनच सुरुवात कर. रिकाम्या खुर्चीची जाहिरात लिहून दे. तुझ्याइतकी ती कुणाला जमणार?”

माणूस मनापासून बोलत होता, म्हणून तर तिला अधिकच चीड आली.

“नोकरीचं नंतर बघू,” ती म्हणाली. “जाहिरात मी लिहिणार नाही. ज्याला त्या जागेसाठी अर्ज करायचा असतो, त्याने तिची जाहिरात लिहायची नसते. पहिल्याच सत्रात शिकवतात.”

“अर्ज? कोण करतंय?”

“मी.”

व्यवस्थापक हसलेच. “अगं वेडे, तुला परवाच तर नको म्हणालेत ते!”

“ते मला बघून नको म्हणालेत. निवडीच्या वेळी पडदा असतो ना मध्ये? कोण वाजवतंय ते कुणाला कळत नाही. तिथे माझा गज दिसणार नाही, मी हापिसर आहे तेही दिसणार नाही. ऐकावं लागेल त्यांना. झक मारत ऐकावं लागेल!”

ती उठली. आवाज चढला होता, पण तो खाली आणायची तिला गरज वाटली नाही. पेटी खांद्याला लावून ती जिना उतरली, कारण वर्गाला उशीर होत होता.